चाळीस कोटी एक

ज्याला कुस्ती येत नाही पण डोक्यावर फेटा मिरवायची हौस आहे, अशा माणसासाठी एकोणीसशे एकाहत्तरच्या सोलापुरात एक सोय होती. गिरणीच्या चाळींमागे एक गणपती मंडळ होतं आणि तिथे दरवर्षी आकड्यांचा फड भरायचा. गणपती बसले की पहिल्याच दिवशी कुणीतरी मांडवाबाहेरच्या फळ्यावर एक दांडगी संख्या लिहायची आणि छाती ठोकून सांगायचं, ही मूळ संख्या आहे; एक आणि ती स्वतः, यांखेरीज हिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. पुढच्या रविवारपर्यंत ज्याच्यात धमक असेल त्याने ती मोडायची. मोडायची म्हणजे दोन लहान संख्या आणायच्या, चारचौघांदेखत त्यांचा गुणाकार करायचा आणि तीच मोठी संख्या काढून दाखवायची. मोडली तर फेटा मोडणाऱ्याचा, नाही मोडली तर मांडणाऱ्याचा. गिरणीतली माणसं पान चघळत हा गुणाकार इतक्या रंगात येऊन बघायची की तालमीतल्या पैलवानांनाही हेवा वाटायचा.

गेली कित्येक वर्षं तो फेटा एकाच डोक्याला ओळखत होता. ते डोकं मुलांच्या हायस्कुलातले गणिताचे शिक्षक आबासाहेब यांचं. माणूस हुशार, शिकवायचेही जीव तोडून, पण एकदा फेटा चढला की त्यांचे पाय जमिनीला लागायला दिवाळी उजाडायची.

त्या वर्षी त्यांनी फळ्यावर लिहिलं: ४०,००,००,००१.

"चाळीस कोटी एक," हाताचा खडू झटकत ते म्हणाले, आणि स्थळ दाखवायला आलेल्या मध्यस्थाने पत्रिका वाचावी तसे तिचे गुण वाचू लागले. "विषम आहे, म्हणजे दोनाने जात नाही. अंकांची बेरीज पाच, म्हणजे तीन आणि नऊ बाद. शेवटी शून्य नाही, पाच नाही, म्हणजे पाचही गेले. सात, अकरा, तेरा करून झाले. पाच हजारांच्या आत जेवढ्या म्हणून मूळ संख्या आहेत, त्या सगळ्यांनी मी उन्हाळ्याच्या सुट्टीत भागून बसलोय. दरवेळी बाकी उरते. ही मूळ आहे, लिहून घ्या."

"पर मास्तर, वर त्यो एक कशापायी?" गर्दीतून एकाने विचारलं.

"तुम्ही लग्नात नुसता शंभराचा आहेर करता का? वर एक ठेवताच की. शुभ असतं ते."

सगळे हसले. त्या गर्दीत एका कडेला रंभाबाई उभ्या होत्या, त्या तेवढ्या हसल्या नाहीत.

रंभाबाई मुलींच्या शाळेत बीजगणित आणि भूमिती शिकवायच्या. मूळच्या मंद्रूपच्या. गणित घेऊन कॉलेजात गेलेली त्यांच्या गावातली पहिली बाई त्याच, आणि हे त्यांना इतक्या जणांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्यांना त्याचा कंटाळा आला होता. त्या काळी मुलींना बीजगणित सोडून शिवण घ्यायची मुभा होती, आणि बहुतेकांचे आईबाप ती मुभा हसत हसत घ्यायचे. रंभाबाईंच्या वर्गात उरल्या होत्या आठजणी. बाकीचे तास बाई शिवण शिकवायच्या, कारण शाळेला शिवणाची वेगळी बाई नव्हती. त्या दिवशी रंभाबाई फड बघायला आल्याच नव्हत्या. त्यांना कुंडलिकरावांना गाठायचं होतं.

कुंडलिकराव म्हणजे कापसाच्या गाठींचे व्यापारी, या मंडळाचे अध्यक्ष आणि मुलींच्या शाळेचे सेक्रेटरीही. आदल्याच दिवशी त्यांनी शाळेत निरोप धाडला होता, की दिवाळीनंतर बीजगणिताचा वर्ग बंद.

"कुंडलिकराव, तो निरोप मला पटलेला नाही," रंभाबाईंनी त्यांना मांडवाच्या दारातच अडवलं.

"बाई, आठ पोरींपायी आख्खी खोली अडकून पडलीया. तितं शिवणाच्या मशिनी बसवू की. तुमची नोकरी कुटं जातीया? तुमी शिवण शिकवा."

"आठ आहेत म्हणून बंद केलात तर पुढच्या वर्षी एकही येणार नाही. एकदा बंद झालेला वर्ग पुन्हा कोण उघडतो?"

आबासाहेब जवळच होते. त्यांच्याशेजारी त्यांची मुलगी गोजर उभी होती. रंभाबाईंच्याच शाळेतली, शिवणाच्या तुकडीतली. "बाई, कशाला जिवाला घोर लावून घेता?" आबासाहेब मायेनेच म्हणाले. "मी स्वतः गणिताचा मास्तर. तरी हिला सांगितलं, शिवण घे. मुलींना पुढे त्याचा काय उपयोग?"

गोजर फळ्यावरच्या संख्येकडे टक लावून बघत होती, आणि ते बघणं रंभाबाईंच्या काळजाला लागलं. असं बघणारी मुलगी शिवणाच्या तुकडीत का, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला, आणि आपल्याला तो आधी कसा पडला नाही याचा रागही आला.

कुंडलिकरावांना गर्दी दिसली की चेष्टा सुचायची. त्यांनी गणपतीपुढच्या तबकातला विडा उचलून पुढे केला. "घ्या बाई! मास्तरांची संख्या मोडा, वर्ग तुमचा. मी हाय तवर कुनी हात लावनार न्हाय. पर न्हाय मोडली, तर दिवाळीपासनं समद्या पोरी शिवणाला. चालतंय का?"

लोक गमतीने बघत होते. बाई लाजेल, हसेल आणि घरी जाईल, असंच सगळ्यांना वाटलं. रंभाबाईंनी विडा उचलला आणि पदरात बांधला.

घरी पोचेपर्यंत त्यांची पाचावर धारण बसली होती. आपण हे काय करून बसलो? आबासाहेब काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. चाळीस कोटींचं वर्गमूळ वीस हजारांच्या आसपास. म्हणजे ही संख्या मोडत असेल तर तिचा एक तरी अवयव वीस हजारांच्या आत सापडलाच पाहिजे, आणि पाच हजारांपर्यंतचं रान मास्तरांनी आधीच पालथं घातलेलं. राहिलं ते पाच हजार ते वीस हजार. त्यात मूळ संख्या शेकड्यांनी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आठही मुलींना सगळं खरं खरं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतंच; वर्ग त्यांचाही होता.

"मग भागायला लागू की बाई," नागम्मा म्हणाली. ही विणकराची मुलगी. घरात तेलुगू, गल्लीत दख्खनी आणि शाळेत मराठी बोलायची, आणि तिन्हींत सारखीच फटकळ. "वाटून घेऊ. शंभर मला, शंभर हिला."

आणि त्या भागायला लागल्या. मधल्या सुट्टीत, मांडवाच्या वाटेवर, आरतीच्या रांगेत उभ्या असतानासुद्धा. पाट्या भरल्या, पुसल्या, पुन्हा भरल्या. पाच हजार तीनने भागलं, बाकी उरली. पाच हजार नऊने भागलं, बाकी उरली. एकीला एकदा भाग बरोबर गेला तेव्हा वर्गात नुसता कल्ला झाला, पण गुणून बघितल्यावर हातच्यात घोळ निघाला आणि ती पोरगी रडली. आठवडा सरत आला तरी त्या सहा हजारांच्या पुढे सरकल्या नव्हत्या. मांडवापुढून जाताना आबासाहेब विचारायचे, "काय बाई, कुठवर?" आणि रंभाबाई म्हणायच्या, "चाललंय." मुलींपुढे त्या हसून बोलायच्या. एकट्या असल्या की मात्र त्यांना स्पष्ट दिसायचं, की आपण हरणार आहोत.

शुक्रवारी शिवणाचा तास होता. घरातली एखादी फाटकी वस्तू आणायची आणि ती वापरण्याजोगी करायची, असा त्या तासाचा नेम होता. त्या तासाला सगळ्याच मुली एकत्र बसायच्या. नागम्माने वडिलांच्या मागावरचा टेबलक्लॉथ आणला होता. चांगला मोठा, चौरस, पांढऱ्यावर लाल पट्ट्या. पण एक कोपरा उंदरांनी खाल्लेला.

"व्यापाऱ्यानं परत पाठवला बाई. अम्मा म्हणाली, टाकायचं नाही, काहीतरी कर."

"त्यात काय अवघड आहे? इकडे आण." रंभाबाईंचं लक्ष अर्धं कापडावर आणि अर्धं सहा हजारांच्या पुढे होतं. "आधी खराब कोपरा सरळ कापून टाकायचा. चौकोनी काप, दोन्हीकडून सारखा. हं. आता काय राहिलं?"

"कोपरा गेलेला टेबलक्लॉथ," नागम्मा म्हणाली. पोरी खिदळल्या.

"खाली अख्ख्या रुंदीचा मोठा तुकडा आहे, आणि वर डावीकडे हा एक बारका राहिलाय. तो बारका कापून काढायचा, आडवा फिरवायचा आणि मोठ्याच्या बाजूला लावायचा. बघ, कडेला कड बरोबर येते. लांब, सरळ कापड झालं. चिंधीसुद्धा वाया नाही."

"अगं बाई, खरंच की! पण रुंदी कमी झाली."

"जेवढी रुंदी कमी झाली तेवढीच लांबी वाढली," रंभाबाई म्हणाल्या.

म्हणाल्या, आणि कात्री हातात तशीच राहिली.

दरवर्षी जूनमध्ये त्या फळ्यावर हीच आकृती काढायच्या. मोठ्या चौरसातून लहान चौरस कापला की उरतो त्याचा आयत होतो; एक बाजू दोघांच्या वजाबाकीची, दुसरी दोघांच्या बेरजेची. अ वर्ग वजा ब वर्ग. पोरींकडून त्यांनी ते शंभरदा घोकून घेतलं होतं. आणि गेला आठवडाभर त्या त्याच पोरींना भागाकाराच्या घाण्याला जुंपून बसल्या होत्या.

"नागम्मा," त्या हळूच म्हणाल्या, "वीस हजार गुणिले वीस हजार किती?"

"चाळीस कोटी."

"म्हणजे मास्तरांची संख्या हा वीस हजारांचा चौरस आहे, आणि वर शुभाचा एक. एवढ्याने चौरस होत नाही. मग त्याच्या पुढचा चौरस घे. वीस हजार एक गुणिले वीस हजार एक."

नागम्माने टेबलक्लॉथवरच कापड आखायच्या खडूने गुणाकार मांडला. तिला कुणी रागावलं नाही. "चाळीस कोटी, चाळीस हजार, एक."

"आपल्याला हवंय चाळीस कोटी एक. किती कमी पडले?"

"चाळीस हजार."

"म्हणजे केवढा कोपरा उंदरांनी खाल्ला?"

नागम्माचे डोळे मोठे झाले. "दोनशे गुणिले दोनशे! बाई, तो पण चौरसच हाय की!"

मग मागच्या बाकावरून आवाज आला. "रुंदी दोनशेने कमी, लांबी दोनशेने जास्त. एकोणीस हजार आठशे एक, आणि वीस हजार दोनशे एक." ती गोजर होती. आबासाहेबांची गोजर. बोलून गेल्यावर तिने स्वतःच जीभ चावली.

रंभाबाई मटकन खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. संख्येचा लहानातला लहान अवयव एकोणीस हजारांच्या वर, अगदी वर्गमूळाला खेटून बसलेला. खालून एकेक पायरी चढत गेलं असतं तर पुढच्या गणपतीपर्यंत गाठ पडली नसती. वरून एकच पाऊल खाली टाकलं आणि तो हातात आला. आणि हे सगळं त्या वरच्या एकामुळे. नुसते चाळीस कोटी कुणीही मोडले असते. आबासाहेबांनी शुभ म्हणून वर एक ठेवला, त्याने ती भागाकाराला चिवट झाली खरी, पण चौरसाला मात्र त्यानेच दार उघडून दिलं.

"गोजर, घरी सांगणार का?" नागम्माने संशयाने विचारलं.

"मी शिवणाच्या तासाला होते," गोजर म्हणाली. "तिथे काय गणित असतं?"

रविवारी गिरणीला सुट्टी होती. सकाळी दहालाच मांडवापुढे पाय ठेवायला जागा उरली नाही. कुंडलिकरावांनी फेटा ताटात ठेवला होता आणि आबासाहेबांनी त्या दिवशी डोक्याला तेल लावलं नव्हतं, फेट्याला डाग पडू नये म्हणून.

"बोला बाई," कुंडलिकराव म्हणाले. "मोडली का मोडलात?"

रंभाबाई वर चढल्या. "एक कापड दाखवते," त्या म्हणाल्या. नागम्मा आणि दुसऱ्या एका मुलीने एक चौरस चादर दोन्ही बाजूंनी ताणून धरली. बाईंनी कात्रीने कोपरा उडवला. गर्दीत निम्मे विणकर होते. चांगली चादर कापलेली बघून ते कळवळले. मग बाईंनी वरचा तुकडा कापला, फिरवला, बाजूला लावून धरला, आणि तेच विणकर मान डोलवू लागले. हे काम त्यांच्या घराघरांत चालायचं. वीस हजार एकाचा चौरस, दोनशेचा कोपरा, हे बाईंनी चार वाक्यांत सांगितलं. आबासाहेबांच्या कपाळावर आठी पडली, मग ती आठी गेली आणि तोंड जरासं उघडं राहिलं.

"तोंडी नको," ते घाईने म्हणाले. "फडाचा नियम आहे. गुणाकार करून दाखवा."

"तुम्हीच करा," रंभाबाईंनी खडू त्यांच्यापुढे धरला. "म्हणजे कुणाला शंका नको."

आबासाहेबांनी खडू घेतला. फळ्यावर १९,८०१ लिहिलं, खाली २०,२०१. मान खाली घालून ते ओळी मांडत गेले. वीस हजारपट, एकोणचाळीस कोटी साठ लाख वीस हजार. दोनशेपट, एकोणचाळीस लाख साठ हजार दोनशे. एकपट, एकोणीस हजार आठशे एक. खाली रेघ मारली आणि बेरजेला लागले.

"एकं एक," ते पुटपुटले. "दहं शून्य. शतक, दोन आणि आठ, दहा." त्यांनी शून्य लिहिलं.

"हातचा एक!" गर्दीतून एका मुलीचा आवाज आला.

"हजार. नऊ आणि हातचा एक, दहा." शून्य.

"हातचा एक!" आता आठ मुली ओरडल्या.

"दशहजार. दोन, सहा, एक, नऊ. हातचा एक, दहा." शून्य. आबासाहेबांचा खडू आता हळू चालत होता.

"हातचा एक!" आता विणकर ओरडले, गिरणीवाले ओरडले, पानवाला ठेला सोडून आला. लाखाच्या घरात नऊ आणि एक दहा. दशलाखात सहा, तीन आणि एक, पुन्हा दहा. कोटीत नऊ आणि एक, पुन्हा दहा! प्रत्येक घरात दहा भरत होते, प्रत्येक घरात शून्य पडत होतं, आणि प्रत्येक वेळी सगळा मांडव "हातचा एक!" म्हणून गर्जत होता. मुलींचे गळे बसले. कुंडलिकरावही ओरडत होते; आपण कुणाच्या बाजूने आहोत हे ते केव्हाच विसरले होते.

"दशकोटी," आबासाहेब शेवटी म्हणाले. "तीन आणि हातचा एक." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने चार लिहिला.

चाळीस कोटी एक.

ढोल-ताशावाल्यांना कुणी सांगावं लागलं नाही. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, नागम्मा चादरीचे तुकडे झेंड्यासारखे फडकवत सुटली. रंभाबाईंना रडू येत होतं आणि त्या ते लपवतही नव्हत्या. या क्षणी मंद्रूपपासूनचा सगळा रस्ता त्यांना सार्थकी लागल्यासारखा वाटला.

आबासाहेबांनी फळ्यावरच्या त्या दोन लहान संख्यांखाली रेघ मारली. मग वळून म्हणाले, "या दोघींचं काय? एकोणीस हजार आठशे एक आणि वीस हजार दोनशे एक? त्या मोडतात?"

"नाही मोडत," नागम्मा म्हणाली. "दीडशेच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं सर. त्या खऱ्या मूळ हायत. तुमचा विश्वास नसला तर तुम्ही पण भागा की. खालून."

मांडव हसून कोसळला. आबासाहेबांनाही हसू आवरलं नाही. त्यांनी ताटातला फेटा उचलला आणि रंभाबाईंपुढे धरला. "बाई, आम्ही सुट्टीभर भागत होतो आणि तुम्ही कापून मोकळ्या झालात. घ्या." बाईंनी तो नागम्माच्या डोक्यावर ठेवला, आणि त्या दिवशी तो आठही डोक्यांवर पाळीपाळीने चाळींतून फिरला. कुंडलिकराव रंभाबाईंना म्हणाले, "वर्ग तुमचा, बाई. मशिनी ऱ्हाऊ द्या व्हरांड्यात. माजा शबूद हाय." आणि त्यांनी तो पाळलाही.

सोमवारी सकाळी बीजगणिताचा तास सुरू होत होता. दारात आबासाहेब उभे होते आणि त्यांच्यामागे गोजर. रविवारी पहिल्यांदा "हातचा एक" कोण ओरडलं, हे त्यांनी ओळखलं होतं. पोटच्या पोरीचा आवाज कुणाला कळत नाही?

"बाई, हिला तुमच्या वर्गात घ्या," ते म्हणाले. "मी चुकलो. आणि तिने काल रात्री जेवताना मला सगळं उलगडून सांगितलं. माझ्याच संख्येबद्दल, मलाच." हे सांगताना त्यांच्या तोंडावर अभिमान मावत नव्हता.

गोजरने विचारलं, "बाई, मग मी शिवण सोडू?"

"मुळीच नाही," रंभाबाई म्हणाल्या. "वडील पुढच्या वर्षी नवी संख्या मांडतील. कात्री लागेल."

बाकावर आठजणी बसल्या होत्या. त्या सरकल्या आणि नववीला जागा झाली.